भूमी आणि भुवन : योग्याकार्ताच्या राजसत्तेचा इतिहास व आजचे प्रश्न

बोरोबुदुरच्या स्तूपाचे दर्शन घेण्यासाठी जावा बेटावर जाणारा आपल्याकडील यात्रेकरू बहुधा योग्याकार्ता या नगरात मुक्काम करतो. पहाटे उठून वायव्येस चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या स्तूपाकडे जावे, परतताना मेंदुतच्या मंदिरातील बुद्धमूर्तीपुढे नतमस्तक व्हावे, सायंकाळी मालिओबोरो रस्त्यावर बातिकचे कापड घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी विमान गाठावे, असा हा क्रम असतो. ज्या नगरात आपण रात्र काढली ते नगर अजून एक राजधानी आहे, तेथे आजही सुलतान गादीवर आहे आणि इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकात तोच त्या प्रांताचा गव्हर्नरही आहे, याकडे त्याचे क्वचितच लक्ष जाते. हे गव्हर्नरपद आपल्याकडील राज्यपालपदासारखे नाममात्र नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तेथील गव्हर्नर हा प्रांताचा प्रत्यक्ष कारभारी असतो आणि देशातील इतर प्रांतांत त्याची निवड लोक मतदानाने करतात. योग्याकार्तात मात्र निवडणूक होत नाही. गादीवर बसलेला सुलतान गव्हर्नर आणि पाकुआलाम घराण्याचा प्रमुख उपगव्हर्नर, अशी कायद्यानेच तरतूद आहे. जन्मसिद्ध अधिकार आणि प्रजासत्ताक यांचा असा संयोग कसा घडून आला व त्याची किंमत कोण देत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात राजाच्या नावापासून प्रवेश करावा, हे स्वाभाविक आहे. योग्याकार्ताच्या सुलतानाचे परंपरागत बिरुद हा एक लहानसा शिलालेखच आहे. त्यात ‘हमेंगकुबुवोनो’ म्हणजे भुवनाला कवेत घेणारा, ‘सेनापति’ हा शब्द तर जसाच्या तसा, त्याच्या शेजारी अरबी ‘अब्दुर्रहमान’, पुढे ‘पानातागामा’ म्हणजे धर्माची व्यवस्था लावणारा (यातील ‘आगम’ आपल्या परिचयाचाच आहे) आणि अखेरीस ‘खलीफतुल्लाह’, अशी पदे एका ओळीत नांदत आलेली आहेत. नगराचे मूळ नाव ‘ङयोग्याकार्ता’ हे बहुतेक अभ्यासक अयोध्येशी जोडतात. शेजारच्या राजनगराचा, सुराकार्ताचा अधिपती ‘पाकुबुवोनो’ म्हणजे भुवनाचा खिळा. तर योग्याकार्तातील धाकट्या घराण्याचा प्रमुख ‘पाकुआलाम’. येथे भुवनाच्या जागी अरबी ‘आलम’ आला आहे, जो मराठीतही ‘आलम दुनिया’ म्हणून रुळला आहे. कोणी भुवन कवेत घेतो, कोणी त्याला खिळा ठोकतो. आणि एवढे सारे एका बेटाच्या मध्यभागी असलेल्या काही खोऱ्यांत! बिरुदे जितकी विशाल होत गेली तितकी प्रत्यक्ष सत्ता आकुंचित होत गेली, हा इतिहासाचा विनोद जगात अनेक ठिकाणी आढळतो. जावाइतका तो क्वचितच कोठे स्पष्ट दिसत असेल.

माताराम राज्याचे विभाजन ही या कथेची सुरुवात होय. १७४० मध्ये बटाव्हिया येथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत चिनी रहिवाशांची भीषण कत्तल झाली. जे वाचले ते मध्य जावात आले आणि तेथील असंतुष्ट जावाई सरदारांशी त्यांनी हातमिळवणी केली. १७४२ मध्ये या संयुक्त सैन्याने मातारामची तत्कालीन राजधानी कार्तासुरा जिंकून घेतली आणि एका अल्पवयीन राजपुत्राला गादीवर बसविले. चिनी आणि जावाई हे एका ध्वजाखाली लढले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे. पाकुबुवोनो दुसरे यांनी कंपनीच्या मदतीने राज्य परत मिळविले. परंतु लुटलेली, विटाळलेली राजधानी पुन्हा वापरावयाची नाही या जावाई संकेतानुसार त्यांनी १७४५ मध्ये नवे नगर वसविले. कार्तासुरा या नावातील दोन पदांची अदलाबदल करून त्याचे नाव सुराकार्ता ठेवले. कंपनीच्या मदतीची किंमत मात्र पुष्कळ मोठी होती. जावाचा उत्तर किनारा कंपनीच्या हाती गेला.

राजाचा भाऊ मांगकुबुमी याला ही तडजोड मान्य नव्हती. ‘मांगकु’ म्हणजे मांडीवर घेणे, सांभाळणे. ‘बुमी’ म्हणजे भूमी. भूमी सांभाळणारा हा राजपुत्र जवळजवळ नऊ वर्षे कंपनीशी लढला. अखेर १३ फेब्रुवारी १७५५ रोजी गियांती येथे तह होऊन माताराम दुभंगले. अर्धे राज्य सुराकार्ताकडे राहिले व अर्धे मांगकुबुमीकडे आले. त्याने योग्याकार्ता वसविले व हमेंगकुबुवोनो पहिले हे नाव धारण केले. भूमीचा भुवन झाला तो असा, आणि तोही निम्मे राज्य वाटून घेतल्यानंतर. १७५७ मध्ये सुराकार्ताच्या वाट्यातून मांगकुनेगारान हे आणखी एक घराणे निघाले. पुढे योग्याकार्ताच्या वाट्यातूनही एक निघाले, ते इंग्रजांच्या हस्ते.

ती हकीकत आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण तिच्यात हिंदी माणसांचा हात आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या ओघात १८११ मध्ये इंग्रजांनी जावा घेतला व रॅफल्स हा तेथील लेफ्टनंट गव्हर्नर झाला. २० जून १८१२ रोजी त्याच्या सैन्याने योग्याकार्ताच्या ‘क्रातोन’वर म्हणजे राजवाड्याच्या कोटावर हल्ला चढविला. तटाचा ईशान्य बुरूज उद्ध्वस्त झाला, कोट पडला, खजिना लुटला गेला, सुलतान हमेंगकुबुवोनो दुसरे यांना पदच्युत करून पिनांगला धाडण्यात आले. या सैन्यात बंगालमधून नेलेले शिपाई मोठ्या संख्येने होते. जावाई लोक या प्रसंगाला आजतागायत ‘गेगेर सेपेही’ म्हणजे शिपायांचा कल्लोळ असे म्हणतात. इंग्रजांचा नव्हे, शिपायांचा! हुकूम कोणाचा होता यापेक्षा दारात कोण उभा होता हे लोकांच्या स्मृतीत अधिक काळ टिकते. परक्या सत्तेच्या पगारावर दुसऱ्या पराधीन देशात जाऊन लढलेल्या आपल्या पूर्वजांविषयी आपण फारसे लिहिलेले नाही. जावाने मात्र त्यांचे नाव आपल्या भाषेत जपून ठेवले आहे.

लुटीत राजवाड्याचे ग्रंथालयही गेले. पुढे हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झालेला आणि दक्षिणेतील हस्तलिखितांच्या संग्रहामुळे आपल्या अभ्यासकांना सुपरिचित असलेला कॉलिन मॅकेंझी त्या मोहिमेत होता. योग्याकार्ताच्या पोथ्यांचा एक हिस्सा त्याच्याकडे गेला. यांतील अनेक पोथ्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. २०१९ मध्ये त्यांपैकी ७५ पोथ्यांच्या संगणकीय प्रती योग्याकार्ताला देण्यात आल्या. मूळ पोथ्या लंडनमध्येच राहिल्या. पाली-संस्कृत हस्तलिखितांसाठी परदेशी ग्रंथालयांकडे ज्यांना पत्रे लिहावी लागली आहेत, त्यांना या व्यवहाराची चव वेगळी समजावून सांगावयास नको.

शिपायांच्या कथेला आणखी एक उपकथानक आहे. १८१५ मध्ये जावा डचांना परत देण्याची वेळ आली. आपली परतपाठवणी लांबेल, कदाचित आपल्याला डचांच्याच हवाली करतील, या धास्तीने सुराकार्ता व योग्याकार्ता येथील काही बंगाली पलटणींतील शिपायांनी इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध कट केला आणि सुराकार्ताचे राजे पाकुबुवोनो चौथे यांच्याशी संधान बांधले. जावातील प्राचीन मंदिरे, मूर्ती आणि राजांची संस्कृतप्रचुर नावे पाहून त्यांना हा प्रदेश आपल्याच धर्माचा विस्मृत मुलूख वाटला होता. कट फुटला. म्होरक्यांना गोळ्या घालण्यात आल्या व इतरांना बेड्या घालून बंगालला परत पाठविण्यात आले. राजाची गादी मात्र शाबूत राहिली. दरम्यान योग्याकार्तात इंग्रजांनी आपल्याला साहाय्य करणाऱ्या एका राजपुत्राला १८१३ मध्ये स्वतंत्र जहागीर दिली होती. तेच पाकुआलाम घराणे. अशा रीतीने मातारामचे चार तुकडे झाले.

इंग्रजांनी जाताना आणखी एक वारसा मागे ठेवला. १८१२ च्या तहान्वये बाजार आणि जकातनाक्यांचे उत्पन्न त्यांनी स्वतःकडे घेतले होते. डच परत आल्यावर तीच पद्धत चालू राहिली, किंबहुना वाढली. नाके मक्त्याने दिले जात आणि मक्तेदार बहुधा चिनी असत. शेतकऱ्याने धान्याची पाटी घेऊन बाजाराला निघावे आणि वाटेत नाक्या-नाक्यावर पैसे मोजावे, अशी स्थिती होती. पैसा सरकारी तिजोरीत जात होता, पण नाक्यावर बसलेला चेहरा चिनी होता. १८२५ च्या जुलै महिन्यात राजपुत्र दिपोनेगोरो याच्या नेतृत्वाखाली जेव्हा उठाव झाला, तेव्हा पहिल्या तडाख्यात नाके जळाले आणि चिनी कुटुंबेही मारली गेली. १७४२ मध्ये एकत्र लढलेले दोन समाज ऐंशी-त्र्याऐंशी वर्षांत एकमेकांचे वैरी झाले. रक्त किंवा धर्म यांत त्याचे कारण शोधण्याची गरज नाही. ते करवसुलीच्या पद्धतीत सापडते.

दिपोनेगोरो हा हमेंगकुबुवोनो तिसरे यांचा ज्येष्ठ पुत्र, परंतु पट्टराणीच्या पोटचा नव्हे. त्याच्या युद्धात पाच वर्षांत सुमारे दोन लाख जावाई माणसे प्राणास मुकली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. २८ मार्च १८३० रोजी मागेलांग येथे बोलणीसाठी बोलावून त्याला कैद करण्यात आले. युद्धानंतर दोन्ही दरबारांचे बाह्य प्रांत डचांनी काढून घेतले. राजांकडे नगर, नृत्य, गामेलान वाद्यवृंद, बातिकचे निषिद्ध नमुने आणि बिरुदे उरली. दरबारी शिष्टाचार या काळात अधिकाधिक सूक्ष्म होत गेला. राजकारण संपले की कर्मकांड वाढते.

सत्ता नसलेल्या या राजनगरीत विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र वेगळेच वारे वाहू लागले. १९०८ मध्ये ‘बुदी उतोमो’ या संघटनेचे पहिले अधिवेशन येथे भरले. १९१२ मध्ये राजमशिदीभोवतीच्या काउमान वस्तीतील अहमद दहलान यांनी ‘मुहम्मदिया’ची स्थापना केली. या संस्थेने पुढे शाळा व रुग्णालयांचे जाळे देशभर विणले. १९२२ मध्ये पाकुआलाम घराण्यातील सुवार्दी सुर्यानिंग्रात यांनी ‘तामान सिस्वा’ ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था काढली. ‘सिस्वा’ म्हणजे शिष्य, हे सांगावयास नकोच. या सुवार्दींनी १९२८ मध्ये आपले राजकुलीन नाव व उपाधी टाकून ‘की हाजार देवांतारा’ हे नाव घेतले. सामान्य माणसाने आपल्याशी मोकळेपणाने बोलावे, उठण्याबसण्यात व संबोधनात जन्माचा अडसर राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. ज्या भाषेत कनिष्ठाने वरिष्ठाशी बोलताना क्रियापदांपासून सर्वनामांपर्यंत निराळेच शब्द वापरावे लागतात, त्या भाषेत जन्मोपाधीचा त्याग ही केवळ सभ्यपणाची कृती नव्हती. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी इंडोनेशियातील स्त्रियांची पहिली परिषदही याच नगरात भरली. योग्याकार्ताचे मोठेपण राजवाड्यात जितके आहे, त्याहून या तीन-चार घटनांत अधिक आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पर्यटकांच्या पुस्तिकांत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो.

आता ज्या व्यक्तीमुळे ही गादी टिकली तिच्याकडे वळू. हमेंगकुबुवोनो नववे हे हॉलंडमध्ये लायडन येथे शिकलेले, १९४० मध्ये गादीवर आले. राज्यारोहणापूर्वी डच गव्हर्नरशी त्यांनी करारनाम्यावर चार महिने वाटाघाटी केल्या. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य घोषित झाले आणि ५ सप्टेंबर रोजी सुलतानांनी आपले राज्य हा प्रजासत्ताकाचा एक विशेष प्रदेश असल्याचे जाहीर केले. पाकुआलाम आठवे यांनीही तेच केले. बटाव्हियात (म्हणजे जकार्तात) राहणे धोक्याचे झाले तेव्हा जानेवारी १९४६ मध्ये प्रजासत्ताकाची राजधानीच योग्याकार्ताला आली. निर्धन सरकारला सुलतानांनी खजिन्यातून मदत केली. १९ डिसेंबर १९४८ रोजी डचांनी नगर घेतले, सुकार्नो व हत्ता यांना पकडले. सुलतान राजवाड्यात राहिले, पण डचांशी सहकार्य करण्यास त्यांनी साफ नकार दिला. १ मार्च १९४९ रोजी प्रजासत्ताकाच्या सैनिकांनी सहा तास नगर ताब्यात ठेवून आपण जिवंत आहोत हे जगाला दाखवून दिले. या हल्ल्याची कल्पना सुलतानांची की त्या वेळी लेफ्टनंट कर्नल असलेल्या सुहार्तोंची, हा वाद पुढे अर्धशतक रंगला. सुहार्तो राष्ट्राध्यक्ष असेतोवर तो एकाच बाजूने मिटलेला होता, एवढेच येथे म्हणतो.

या लढ्यात भारताचाही वाटा आहे. बिजू पटनाईक यांच्या विमान कंपनीचे औषधे घेऊन सिंगापूरहून आलेले डाकोटा विमान २९ जुलै १९४७ रोजी योग्याकार्ताजवळ डच विमानांनी पाडले. इंडोनेशियाचे वायुदल तो दिवस आजही पाळते. डिसेंबर १९४८ च्या हल्ल्यानंतर पंडित नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली ती इंडोनेशियाच्या प्रश्नावरच. ‘शिपायांच्या कल्लोळा’ला एकशे सदतीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते असे वाटते.

सुराकार्ताच्या राजघराण्यांची दशा नेमकी उलट झाली. तेथेही १९४५ मध्ये विशेष प्रदेशाचा दर्जा मिळाला होता. परंतु जमीनदारी व दरबारी विशेषाधिकार यांविरुद्ध तेथे लोकक्षोभ उसळला, राजाच्या प्रधानाचे अपहरण झाले, तरुण राजा ना पुढारी होऊ शकला ना बाजूला होऊ शकला, आणि १९४६ मध्ये सरकारने तो दर्जा गोठविला. एकाच घराण्याच्या दोन शाखा, नगरांतील अंतर साठेक किलोमीटर. एक राजा प्रांताचा प्रमुख झाला, दुसरा आपल्या वाड्याचा. वंशाने हा फरक घडविला नाही, कृतीने घडविला. नवव्या सुलतानांना त्यांचा अधिकार १९४५ ते १९४९ या चार वर्षांतील आचरणाने मिळाला. १७ डिसेंबर १९४९ रोजी सुकार्नोंनी संघराज्याच्या अध्यक्षपदाची शपथ राजवाड्याच्या सभामंडपात घेतली. दोनच दिवसांनी स्थापन झालेल्या गाजा मादा विद्यापीठाचे वर्ग राजवाड्याच्या मंडपांत भरू लागले व ते १९७३ पर्यंत तेथे भरत होते. राजसभेचे वर्गात रूपांतर व्हावे, याहून मोठा गौरव एखाद्या राजवाड्याला प्राप्त होणे कठीण.

परंतु आचरणाने मिळालेली गोष्ट वारशाने देता येते काय? खरा प्रश्न येथून सुरू होतो. १९५० च्या कायद्याने विशेष प्रदेश निर्माण केला. पुढील गव्हर्नर कसा नेमावा याविषयी तो संदिग्ध होता. नववे सुलतान १९८८ मध्ये वारले. १९८९ मध्ये गादीवर आलेले दहावे सुलतान १९९८ मध्ये गव्हर्नर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात सुराकार्तात दंगली होऊन चिनी वंशीयांची दुकाने जळाली. योग्याकार्तात मात्र २० मे रोजी राजवाड्यासमोरील मैदानात प्रचंड जनसमुदायापुढे सुलतान व पाकुआलाम यांनी सुधारणेच्या चळवळीला पाठिंबा देणारे निवेदन वाचले आणि नगर शांत राहिले. दुसऱ्या दिवशी सुहार्तोंनी राजीनामा दिला. गादीला जुनी पुण्याई पुन्हा लाभली. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी राजेशाही व लोकशाही यांतील विसंगतीचा उल्लेख करताच योग्याकार्तात हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते सुलतानाच्या बाजूने. २०१२ च्या कायदा क्रमांक १३ ने गव्हर्नरपद गादीशी बांधून टाकले आणि त्याबरोबर संस्कृती, जमीन व नगररचना या विषयांत विशेष अधिकार व केंद्राकडून विशेष निधी दिला. २०२० मध्ये हा निधी १.३२ लाख कोटी रुपिया होता. लोकांनी मत देऊन नव्हे, पण मिरवणूक काढून संमती दिली, असे समर्थक म्हणतात. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु दर पाच वर्षांनी मागे घेता येत नाही ती संमती अपुरीच होय.

जमिनीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. १९१८ मध्ये डच राजवटीत सुलतानाच्या व पाकुआलामच्या दरबारांनी आज्ञापत्रे काढली : ज्या जमिनीवर कोणाचा युरोपीय पद्धतीचा मालकीहक्क सिद्ध नाही ती सर्व राजवाड्याची. कसणाऱ्याकडे असा कागद असण्याचा संभव नव्हताच. १९६० च्या राष्ट्रीय भूमिकायद्याने अशा संस्थानी हक्कांचा शेवट व्हावयाचा होता. योग्याकार्तात तो कायदा पूर्णांशाने लागू झाल्याचे १९८४ मध्ये घोषित झाले. आणि २०१२ च्या कायद्याने दोन्ही राजघराण्यांना जमिनीचे मालक होऊ शकणारी कायदेशीर संस्था म्हणून मान्यता दिली. दक्षिणेस कुलोन प्रोगो जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शेतकऱ्यांनी वाळवंटवजा जमीन खतपाणी घालून मिरची व कलिंगडाखाली आणली होती. लोहयुक्त वाळूच्या खाणीची योजना आली तेव्हा ती जमीन पाकुआलामची असल्याचे निघाले. शेतकऱ्यांनी २००६ पासून संघटित विरोध केला. त्याच जिल्ह्यात नव्या विमानतळासाठी गावे उठविण्यात आली. २०२० मध्ये तो पूर्ण क्षमतेने सुरू झाला. आपला यात्रेकरू आज बहुधा तेथेच उतरतो.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताची येथे आठवण होते. त्यात ‘खत्तिय’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘खेत्त’ म्हणजे शेत या शब्दावरून दिली आहे. पण त्याआधी लोक एकत्र जमून एकाला निवडतात, भांडणे मिटविण्याचे काम त्याला सोपवितात व त्याबदल्यात आपल्या भातातील वाटा देतात. शेतांचा अधिपती शेतांमुळे होतो. शेते त्याच्यामुळे होत नाहीत. १९१८ च्या आज्ञापत्राने हा क्रम उलटा केला.

तिसरी गोष्ट चिनी वंशाच्या नागरिकांची. ५ मार्च १९७५ रोजी उपगव्हर्नरांच्या सहीने एक सूचना निघाली. तिच्यानुसार ‘प्रिबुमी’ म्हणजे भूमिपुत्र नसलेल्या नागरिकांना योग्याकार्तात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. विकत घेतली तरी ती सरकारजमा समजून मर्यादित मुदतीचा वापरहक्क दिला जातो. दुर्बल स्थानिकांचे संरक्षण, हे तिचे समर्थन. १९४८ मध्ये चिनी लोकांनी डचांची बाजू घेतली होती, असेही कारण सांगितले जाते. न्यायालयात या सूचनेला आव्हान दिले गेले, ते टिकले नाही. २०१८ मध्येही एक दावा फेटाळला गेला. १७४२ ची संयुक्त लढाई कोणाच्या स्मरणात नाही, १८२५ चा जकातनाका मात्र आहे. शिवाय दुर्बलाचे संरक्षण हाच हेतू असेल तर दुर्बलता उत्पन्नावरून ठरवावी. आडनावावरून व आजोबांच्या जन्मगावावरून ती ठरविणे हे आपल्या देशातील वाचकाला फार ओळखीचे वाटेल. जावातील ज्या विहारांत आपले यात्रेकरू वंदनेला बसतात तेथे शेजारी बसलेल्या उपासकांत चिनी वंशीय मोठ्या संख्येने असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. आणि या संरक्षणाने गरीब जावाई माणसाचे किती भले झाले? मार्च २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार योग्याकार्ता प्रांतातील दारिद्र्याचे प्रमाण ११.०४ टक्के होते, देशाचे ९.३६ टक्के. उत्पन्नातील विषमतेचा निर्देशांक ०.४४९, म्हणजे त्या वेळी सर्व इंडोनेशियात सर्वाधिक.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने मेरापी ज्वालामुखी व दक्षिण समुद्र यांना जोडणारा योग्याकार्ताचा ‘विश्वरचनात्मक अक्ष’ जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्याच्या तयारीच्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, मालिओबोरोच्या पदपथांवरील फेरीवाले हलविण्यात आले. १८१२ मध्ये उद्ध्वस्त झालेला ईशान्य बुरूज विशेष निधीतून पुन्हा बांधण्यात आला. त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना मोबदला घेऊन घरे सोडावी लागली. शिपायांनी पाडलेला तट दोनशे वर्षांनी उभा राहिला. बुरूज सुबक झाला आहे, यात वाद नाही.

आता उत्तराधिकार. दहाव्या सुलतानांना पाच कन्या आहेत, पुत्र नाही. २०१२ च्या कायद्यात गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने जे परिचयपत्र द्यावयाचे त्यात ‘पत्नी’ची माहिती मागितली होती, म्हणजे उमेदवार पुरुषच असणार हे गृहीत धरलेले होते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी संविधान न्यायालयाने ही तरतूद भेदभावाची म्हणून रद्द ठरविली. त्यापूर्वीच, ३० एप्रिल २०१५ रोजी, सुलतानांनी ‘सब्दा राजा’ म्हणजे राजशब्द उच्चारून आपले बिरुद बदलले होते. ‘बुवोनो’चा ‘बावोनो’ झाला, ‘खलीफतुल्लाह’ वगळले गेले, ‘दहावा’ या अर्थी असलेले संस्कृत दशशब्दापासून आलेले पद जाऊन देशी जावाई पद आले. खलीफा पुरुषच असावा लागतो, म्हणून ते पद काढले, असा अर्थ लावला गेला. सुलतानांच्या भावांनी तीव्र विरोध केला. पूर्वजांच्या नियमांचा हा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पूर्वजांचा नियम मोडला हे खरे. परंतु १७५५ मध्ये पहिल्या सुलतानांनीही तेच केले होते. स्त्री गादीवर यावी याला प्रस्तुत लेखकाचा विरोध असण्याचे कारणच नाही. पण येथे एक पेच आहे. स्त्रीचा अधिकार मान्य झाला तो राजाच्या शब्दाने आणि घराण्याच्या सोयीसाठी. १९२८ च्या परिषदेत जमलेल्या स्त्रियांनी हक्क मागितले ते सर्वांसाठी. काउमानमधील शिक्षिकेच्या किंवा कुलोन प्रोगोतील शेतकरणीच्या मुलीला गव्हर्नर होण्याचा मार्ग राजकन्येसाठी उघडलेल्या या दारातून जात नाही.

२०१७ मध्ये आणि पुन्हा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुलतानांनी २०२७ पर्यंतच्या मुदतीसाठी गव्हर्नरपदाची शपथ घेतली, ती ‘बुवोनो’ या जुन्याच नावाने, कारण कायद्यात तेच नाव आहे. ज्येष्ठ कन्येला मात्र ५ मे २०१५ रोजी नवे नाव मिळाले आहे : मांगकुबुमी. गियांतीच्या तहापूर्वी संस्थापकाचे जे नाव होते तेच. राजवाड्याच्या जमिनींचा व्यवहार पाहणाऱ्या कचेरीला ‘पानितिकिस्मो’ म्हणतात. त्यातील ‘किस्मो’ हा संस्कृत ‘क्ष्मा’, म्हणजे पुन्हा भूमीच. कुलोन प्रोगोच्या शेतकऱ्याला आणि चिनी वंशाच्या दुकानदाराला आपल्या वहिवाटीच्या कागदासाठी आज ज्या दारांशी जावे लागते, त्यांपैकी एक हे आहे.